कुलूपबाई

समोरचा माणूस पासवर्ड टाइप करू लागला की आमच्या कुलूपबाई तोंड भिंतीकडे फिरवत. अकोल्यातल्या एका मोठ्या दवाखान्याचा संगणक विभाग त्यांच्या हाती होता. कोणी कोणती फाइल उघडायची हे त्या ठरवत, आणि आदल्या दिवशी कोणी काय उघडले हे त्यांना सकाळच्या चहाआधी कळलेले असे. हे नाव वॉर्डातल्या सिस्टरांनी रागाने ठेवले होते. बाईंना ते आवडायचे.

आमच्या वऱ्हाडात ‘आपलाच माणूस हाय’ म्हटले की कुठलेही दार उघडते. बाईंचे तेवढे उघडत नसे. एकदा एका विश्वस्तांचा फोन आला. होणाऱ्या सुनेच्या तपासणीचे कागद त्यांना ‘सहज’ बघायचे होते. बाई म्हणाल्या, “साहेब, दवाखाना तुमचा असन. रिपोर्ट त्या पोरीचा हाय.” पलीकडून बराच आरडाओरडा झाला. बाईंनी तो शांतपणे ऐकला, फोन ठेवला आणि जेवणाचा डबा उघडला.

मी त्यांच्या विभागात नवी होते तेव्हा तेल्हाऱ्याला मावसबहिणीच्या लग्नाला जाताना माझा पासवर्ड काउंटरवरच्या मैत्रिणीला देऊन गेले. काम अडू नये, हा माझा उदार हेतू. मैत्रिणीने माझ्या नावाने तिच्या शेजारणीची फाइल उघडली आणि बिचारीचा आजार दोन दिवसांत गल्लीभर झाला. परत आले तर माझे लॉगिन बंद.

“मी काही पाहिलं नाही, बाई,” मी म्हणाले.

“घराची चाबी कोणालेबी दे, घर तुहं हाय. लोकाइचं दुखणं तुहं हाय काय?”

माझी नोकरी जाणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवले होते. बाईंनी चौकशीत माझी चूक एका शब्दानेही कमी केली नाही. पण मी त्या दिवशी गावात नव्हते हे लिहिले, आणि खाली स्वतःबद्दलही लिहिले, की नव्या मुलीला नीट शिकवणे माझे काम होते, ते राहिले. नोकरी वाचली. मग त्या शेजारणीच्या घरी माफी मागायला त्या माझ्यासोबत जुन्या शहरात आल्या. तिने आम्हाला पाणीही विचारले नाही. बाई म्हणाल्या, बरोबर केलं तिनं.

निवृत्तीच्या दिवशी समोसे यायच्या आधीच त्यांनी स्वतःचे लॉगिन स्वतः बंद केले. त्यांच्या खुर्चीवर मी बसले.

वर्षभराने त्यांच्या यजमानांची बायोप्सी आमच्याच दवाखान्यात झाली. शनिवारी दुपारी बाई चौकशीला आल्या, तर डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी. मी त्यांना माझ्या खोलीत आणले.

“बाई, रिपोर्ट आलाय. उघडू?”

त्या संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिल्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले.

“मले लय पाहावंसं वाटून राहिलं व,” त्या म्हणाल्या. “पण तो ह्याइचा हाय. पहिले ह्याइले समजू दे.”

ते दोन दिवस मला जेवण गेले नाही. एक बटण दाबायचे होते. दाबले नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो, आणि तो सगळा त्यांचा आहे.

सोमवारी डॉक्टरांना भेटून त्या सरळ माझ्याकडे आल्या, दार लोटून बसल्या.

“कॅन्सर हाय,” त्या म्हणाल्या. “तुले सांगू काय म्हणून ह्याइले विचारलं. ‘सांग’ म्हणाले.”

मग माझा हात घट्ट धरून त्या रडल्या.