मधूकाकांचा झूम

चौकच्या नाक्याजवळ, जुन्या हायवेला लागून मधू कराळेंचं दुकान आहे. पाटीवर अजूनही 'व्हिडिओ शूटिंग' असंच लिहिलेलं आहे, पण गिऱ्हाईक येतं ते झेरॉक्सला आणि पासपोर्ट फोटोला. एक काळ असा होता की लग्नाच्या शूटिंगमध्ये त्यांचा हात धरणारा खालापूर तालुक्यात कोणी नव्हता. घरची भातशेती भावाच्या हवाली करून त्यांनी पनवेलहून जुना कॅमेरा आणला, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. आज अठ्ठावन्न आहेत. मधल्या काळात लोधिवली, चौक, वावोशी, पार कर्जत-नेरळपर्यंतच्या किती नवऱ्या त्यांच्या कॅमेऱ्यातून सासरी गेल्या, ते त्यांनाही सांगता येणार नाही.

पाठवणी ही त्यांची खास जागा. नवरी रडायला लागली की त्यांचा अंगठा आपोआप झूमच्या बटनावर जायचा. आधी सगळा मांडव, मग नवरी, मग नुसते डोळे. पाणी गालावर उतरेपर्यंत ते तिथंच थांबायचे. पुढे घरी कॅसेट लावली की त्या ठिकाणी सगळं घर पुन्हा रडायचं आणि म्हणायचं, "मधूनं काय शूटिंग केलंय!" यापलीकडे त्यांच्या कामाबद्दल कुणी कधी काही बोललं नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. मग मोबाईल आले, ड्रोन आले, आणि लोकांनी बोलावणंच बंद केलं.

गेल्या फेब्रुवारीत एका दुपारी हर्षला दुकानात आली. हर्षला त्यांच्याच गावची, लोधिवलीची; त्यांच्या घरापासून चार घरं सोडून राहणाऱ्या निलेशची मुलगी. कर्जतच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला.

"काका, तुमचा कॅमेऱ्याचा स्टँड चार दिवस मिळंल का?"

"कशाला गं?"

"कॉलेजचं काम हाय. शॉर्ट फिल्मची सुरुवात करायचीय. दोन मिनिटांची."

"नुसती सुरुवात? आणि पुढचं?"

"पुढचं नाय करायचं. पण सुरुवात बघून पुढचं बघावंसं वाटलं पायजे. मग पाच जणांना दाखवायची, त्यांना काय कळलं ते विचारायचं, आणि आपलं काय जमलं, काय चुकलं ते आपणच लिवायचं. त्यालाच जास्त मार्क हायत."

मधूकाकांना हसू आलं. "आपलं चुकलं ते आपणच लिवायचं? बरी हाय परीक्षा. स्टँड देतो, पण स्टँडबरोबर मी पण येणार. कॅमेरा माझा घे. मोबाईलवर काय करतेस!"

हर्षलाची गोष्ट साधी होती. एक बाई पहिल्यांदाच कंपनीत कामाला निघते, त्या दिवसाची सकाळ. बाईचं काम तिची आई करणार होती. आईला, म्हणजे शकूला, हे काही नवीन नव्हतं. चार वर्षांपूर्वी टेंपो उलटून निलेशचा पाय मोडला, आणि शकू औषधांची खोकी भरायच्या कंपनीत लागली. पाय पुढे बरा झाला, निलेश पुन्हा टेंपो चालवायला लागला, पण शकूचं काम सुरूच राहिलं.

रविवारी सकाळी शूटिंग ठरलं. हर्षलाने सगळं कागदावर लिहून आणलं होतं. घरात गर्दी दिसायला नको म्हणून निलेशला चहाचा कप हातात देऊन तिनं अंगणात बसवलं. शकूने ठेवणीतली साडी नेसली होती. कॅमेरा सुरू झाला आणि तिचं लाकूड झालं. चालायला सांगितलं तर वाढदिवसाला केक कापायला निघाल्यासारखी चालायची आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून हसायची.

"आई, इकडं नको ना गं बघू."

"मग कुठं बघू? समोर एवढा डोळा रोखलाय या कॅमेऱ्यानं."

अर्धा तास असाच गेला. हर्षला रडकुंडीला आली. तेव्हा मधूकाका म्हणाले, "वहिनी, राहू द्या ते. दुपारचे तांदूळ निवडायचेत का? घ्या निवडायला. आमी जरा चहा घेतो." कॅमेरा त्यांनी बंद केला नाही. हर्षलाच्या कानात पुटपुटले, "माणूस कॅमेऱ्याला घाबरतो, कामाला नाय घाबरत."

शकूने सूप पुढ्यात ओढलं. दोन मिनिटांत तिचे खांदे खाली आले. खडे वेचता वेचता ती शेजारणीशी बोलावं तसं बोलू लागली. बोलता बोलता हर्षलाने सहज विचारलं, "आई, पयल्या दिवशी तू काय काय केलंस गं? खरंच सांग."

शकूचा हात थांबला. "काय करणार? डबा भरला. मग बांगड्या काढल्या. कंपनीत चालत नायत ना. काच फुटली तर औषधात जाते." तिने मनगट वर केलं. "या काढायला गेले तर निघंनात. लग्नापासून एकदम मोकळा हात कधी केलाच नव्हता. बांगड्या भरायला बसलं तरी जुनी एक ठेवतात हातात. शेवटी साबण लावला. असा." आणि ती उठली, मोरीपाशी गेली, हाताला साबण चोळून एकेक बांगडी खरोखरच काढू लागली. शेवटची अडकली. तिने हात पाठीमागं वळवला, बोटं एकत्र आवळली, आणि बांगडी सुटताना तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"त्या दिवशी मोकळा हात बघवंना मला," ती म्हणाली.

हर्षलाला हे काहीच माहीत नव्हतं. तेव्हा ती दहावीत होती, क्लासला लवकर जायची, आणि हल्ली आई निघते तेव्हा ती झोपलेली असायची. मग ती कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडे धावली. शॉट मागे नेऊन लावला. सूप होतं, मोरी होती, साबण होता. शेवटच्या बांगडीची वेळ आली आणि चित्र हलकेच पुढे पुढे सरकत गेलं. शकू, मग शकूचा चेहरा, मग नुसते डोळे. हात फ्रेमच्या बाहेर राहिले होते. बांगडी निघाली ती कुठेच दिसत नव्हती.

"काका, हात पायजे होता! डोळे कशाला घेतलेत? बांगडी कुठं गेली?"

मधूकाकांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. तो अजून बटनावर असल्यासारखाच वाकलेला होता. "सवय गं," एवढंच ते म्हणाले.

"आता ती परत तसं करणाराय का?" हर्षला तिरमिरीत बोलून गेली आणि मग तिलाच वाईट वाटलं. मधूकाका स्टँड मिटू लागले. तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्यांना तोंडावर सांगितलं होतं की तुमचं चुकलं, आणि ते खरंही होतं. दारात चपला घालताना त्यांचं लक्ष कुणाकडेच नव्हतं.

शकू मनगट पुसत बाहेर आली. "भाऊजी, तोंड कशाला पाडताय? उद्या कंपनी हाय ना. मी रोजच काढते बांगड्या. रोज एक तरी अडकते. सहाला या. पण मला थांबवायचं नाय, सातला बस सुटते."

सोमवारी पावणेसहालाच मधूकाका हजर झाले. थंडी होती, कानटोपी होती. या वेळी त्यांनी हर्षलाला विचारलं, "कॅमेरा कुठं लावू?" हर्षलाने मोरी आणि चूल दोन्ही दिसतील अशी जागा दाखवली. निलेशला पुन्हा बाहेर बसवलं. मधूकाकांनी कॅमेरा स्टँडवर घट्ट केला, बटन दाबलं आणि दोन्ही हात पाठीशी बांधून उभे राहिले. शकूला त्यांच्याकडे बघायला वेळच नव्हता. भाकरी, डबा, पाणी, वेणी. मग मोरीशी वाकून बांगड्या. आज तिसरी अडकली. शकू पुटपुटली, "निघ गं बये." मधूकाकांचे हात पाठीमागे एकमेकांना घट्ट धरून होते. बांगड्या निघाल्या. शकूने त्या मोजून रुमालात ठेवल्या, गाठ मारली आणि रुमाल डब्याच्या पिशवीत खाली सारला.

"तो रुमाल कशाला न्यायचा?" हर्षलाने हळूच विचारलं.

"सुटी झाली की गेटाबाहेर आल्या आल्या घालते परत," शकू म्हणाली आणि पळाली.

हर्षलाने दोन दिवस बसून मोबाईलवर शॉटची कापाकापी केली. मधूकाकांना सुरुवातीला नाव गुलाबाच्या फुलातून फिरत यावं असं फार वाटत होतं. त्यांच्या सगळ्या कॅसेटींत तसंच यायचं. हर्षला म्हणाली, "काका, आई कामाला चाललीय, बोहल्यावर नाय." ते मान्य झालं. शेवटी रुमालाची गाठ दिसायची आणि पडदा काळा व्हायचा.

मग पाच जणांना दाखवायची वेळ आली. कॉलेजातल्या तीन जणांना ती फार आवडली. हर्षलाने विचारलं, "काय कळलं?" तिघांनीही जवळजवळ एकच उत्तर दिलं. बाईचा नवरा वारला आहे, म्हणून ती बांगड्या काढते आहे, आणि आता घर चालवायला बाहेर पडते आहे. एकाने तर "खूप दर्दभरं आहे" असंही सांगितलं. उरलेल्या दोघी शकूच्या कंपनीतल्या होत्या. त्यांनी नाक्यावर उभ्या उभ्या पाहिलं आणि हसायला लागल्या. "अगो, माझ्या पण डब्याच्या पिशवीतच असतात!"

हर्षला घरी आली ती तोंड पाडून. तिनं सगळं सांगितलं, मधूकाकाही तिथंच होते. निलेशने कप खाली ठेवला.

"मी मेलो?"

"तसं नाय हो बाबा, त्यांना तसं वाटलं."

"वाटणारच. दोनदा मला बाहेर बसवलंत. आणि रुमाल कोण देतं हिला रोज? मी देतो. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हापासून देतो. पयल्या दिवशी ही मोरीत उभी राहून रडत होती, तर मला उठता येईना. खाटेवरून रुमाल टाकला हिच्याकडं. म्हटलं, यात बांध आणि येताना घाल." तो खरोखरच रागावला होता. "तेवढं सोडून बाकी सगळं घेतलंत."

शकू पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने आत गेली. मग मधूकाका म्हणाले, "हर्षला, उद्या परत सहाला. निलेशला आत घे."

तिसऱ्यांदा शूटिंग झालं. कॅमेरा तसाच, त्याच जागी. मागे खाटेवर निलेश चहा पीत बसलेला, कॅमेऱ्याचं भान नसलेला, कारण त्याला टेंपोच्या भाड्याचा फोन आला होता. शकूने शेवटची बांगडी काढली तसा बोलता बोलताच त्याने उशाचा रुमाल उचलून तिच्यापुढे धरला. तिनं त्याच्याकडे न बघता घेतला. पुन्हा पाच नव्या माणसांना दाखवलं, तेव्हा कुणीही निलेशला मारून टाकलं नाही.

लिहून झाल्यावर हर्षला वही घेऊन दुकानात आली. "काका, तुमच्याबद्दल लिवलंय. जमा करायच्या आधी ऐका." आणि तिनं वाचलं:

"कॅमेरा मधुकर कराळे यांनी केला. ते फार लवकर झूम करतात. त्यामुळे पहिल्या दिवशीचा सगळ्यात चांगला शॉट वाया गेला. पण माणूस कॅमेऱ्यासमोर मोकळा कसा होतो हे त्यांना कळतं, आम्हाला वर्षभर शिकूनही ते कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी झूमला हात लावला नाही. ते त्यांना अवघड गेलं असावं. वडिलांना फ्रेमबाहेर बसवण्याची चूक मात्र माझी आहे, त्यांची नाही."

मधूकाका बराच वेळ झेरॉक्स मशीनच्या काचेवरची धूळ पुसत राहिले.

"रागावलात?"

"नाय गं. एवढं एक सुधार. 'गेलं असावं' काय लिवलंस? गेलंच. तसंच लिव."

हर्षलाच्या सानवी मॅडमनी पन्नासपैकी बेचाळीस मार्क दिले. खाली शेरा होता: 'फ्रेम शांत आणि प्रामाणिक. आवाजाकडे मात्र दुर्लक्ष झालं आहे. शेवटी येणारा हॉर्न काढायला हवा होता.' शकूने तो शेरा वाचून घेतला आणि म्हणाली, "तुझ्या मॅडमना सांग, तो हॉर्न नाय, माझी बस हाय. ती वाजली नाय तर मी पळंन कशाला?" हर्षलाने खरोखरच मॅडमना जाऊन सांगितलं. मार्क वाढले नाहीत, पण पुढच्या वर्गाला दाखवायला मॅडमनी ती फिल्म मागून घेतली, हॉर्नसकट.

मे महिन्यात वावोशीला मधूकाकांच्या मामेबहिणीच्या नातीचा साखरपुडा होता. ड्रोनवाला ऐन वेळी आला नाही, म्हणून मधूकाकांना बोलावणं गेलं. बायको मालतीकाकू सोबत होती. ओटी भरताना मुलगी आईकडे बघून हुंदका आवरू लागली, तसा मागून कुणीतरी ओरडला, "मामा, झूम करा, झूम!"

मधूकाकांनी बटनावरून अंगठा काढून घेतला. गुडघा दुखत होता, तरी पाटाभोवतीची माणसं हळूच बाजूला करत ते स्वतःच दोन पावलं पुढे गेले आणि मुलगी, तिची आई आणि ओटीतला नारळ, तिन्ही मावतील अशा बेताने खाली बसले.