पाचव्या कलाकाराचे तीन क्यू

फॉर्मवर कलाकार पाच लिहिले होते आणि माझ्या टेबलासमोर चौघंच उभे होते. मी दोनदा मोजले.

"पाचवे कुठे आहेत?"

"आठेच शेतस," इथेच आहेत, असं त्यांच्यातल्या अक्का अहिराणीत म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून त्यांनी सरळ सांगितलं, "ते गेले, भाऊ. फॉर्म भरला त्यानंतर तीन आठवड्यांनी. पण नाटक पाच जणांचं बसवलंय. पाचच राहू द्या."

अक्का धुळ्याच्या, देवपूरच्या. निवृत्त शिक्षिका. गेलेले पाचवे म्हणजे त्यांचे यजमान. त्यांना सगळे नाना म्हणत. बाकीचे तिघं नानांचे जुने सहकारी.

इथे आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. जळगावातला हा नाट्यमहोत्सव खुला आहे. खुला म्हणजे फुकट, असा लोकांचा समज होतो. तसं नाही, तिकीट असतं. खुला म्हणजे निवड समिती नाही. कोणीही फॉर्म भरावा, शुल्क भरावं, आमच्या चार जागांपैकी एक जागा आणि एक तास घ्यावा आणि आपलं नाटक करावं. ते चांगलं की वाईट हे आम्ही ठरवत नाही. आवडलं तर प्रेक्षक दुसऱ्यांना सांगतात, नाही तर खुर्च्या रिकाम्या राहतात. परीक्षा तेवढीच.

मग आयोजक करतात काय? मोजतात. एका जागेत दिवसाला सहा प्रयोग. तासातली दहा मिनिटं सामान लावायला, पंचेचाळीस प्रयोगाला, पाच आवरायला. एकाने सहा मिनिटं जास्त घेतली की संध्याकाळपर्यंत सगळेच लटकतात. म्हणून मला ठेवलं आहे. मला नाटकातलं फार कळत नाही. घरी गॅसची टाकी कोणत्या तारखेला लावली ते कॅलेंडरवर लिहून ठेवणारा मी माणूस.

आणि आमचा नियम असा की फॉर्मवर जितकी नावं, तितकी माणसं समोर उभी करायची, ओळखपत्र दाखवायचं, मगच तितके पास मिळतात.

"अक्का, पाच कसे ठेवू? माणसं चार आहेत."

"भाऊ, नाना कायम उशिराच यायचे," त्यांच्यातले पाटील सर म्हणाले. "थोडं थांबून तर बघा." कोणी हसलं नाही. स्वतः सरही नाहीत.

"एक पास जास्त दिला तर तुमचा महोत्सव बुडेल का?" अक्कांनी विचारलं.

"बुडणार नाही. पण चुकेल."

मी पाचावर रेघ मारली, चार लिहिलं, बाजूला सही केली. चार पास दिले. अक्का त्या रेघेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"त्यांची वाक्यं आम्ही कोणाला दिली नाहीत. तेवढा वेळ नुसतं थांबतो. म्हणून दिव्यांचा कागद नवीन केलाय. हा शेवटचा प्रयोग आहे, भाऊ. यानंतर आम्ही हे नाटक करणार नाही. दिव्यांचं तेवढं बघा."

"बघतो," मी म्हणालो, आणि कागद फाइलमध्ये ठेवला. लगेच पुढच्या संस्थेचा फॉर्म घेतला. माझं डोकं अजून त्या चारच्या आकड्यात होतं.

त्यांना मिळालेली जागा म्हणजे मेहरूणमधल्या एका शाळेचा हॉल. वेळ दुपारी चारची. खिडक्यांना आम्ही काळं कापड ठोकलं होतं, त्यामुळे बाहेर लख्ख ऊन आणि आत मिट्ट काळोख. दार एकच. प्रयोग सुरू झाला की ते उघडायचं नाही, कारण फटीतून ऊन थेट रंगमंचावर पडतं. हा नियम माझाच.

चार वाजून दहा मिनिटांनी प्रयोग सुरू झाला. आत तेवीस प्रेक्षक, चार कलाकार आणि दिव्यांवर मिलिंद. एकूण अठ्ठावीस. मी बाहेर दाराशी घड्याळ घेऊन बसलो आणि फाइल चाळायला घेतली.

नवा कागद फाइलमध्येच होता.

मिलिंद वरणगावचा. महोत्सवात त्या हॉलचे सगळे प्रयोग तोच उजळतो. रोज सहा अनोळखी नाटकं. तालीम बघायला वेळ नसतो. त्याच्या हातात फक्त क्यू शीट असते. क्यू म्हणजे खूण. अमुक वाक्य आलं की अमुक दिवा. वाक्य आलं नाही तर दिवा नाही. मिलिंदकडे होती ती फॉर्मसोबत आलेली जुनी शीट, पाच जणांची. मी दोन्ही कागद मनात ताडून पाहिले. नऊ क्यूंपैकी तीन नानांच्या वाक्यांवर होते. तिसरा, सहावा आणि नववा. नवव्यावर नाटक संपत होतं.

नाटक एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या पाच जणांचं. शेवटी पाचवा म्हातारा उठून म्हणतो, "मनी गाडी लागनी," माझी गाडी लागली. मग दारावर पांढरा दिवा येतो आणि एकेक जण त्यातून निघून जातो. तो दिवा आला नाही, तर चौघं तिथेच उभे राहणार होते. शेवटच्या प्रयोगात. माझ्यामुळे.

मिलिंदचा फोन बंद. तोही माझाच नियम. मी दाराला डोळा लावला. फटीतून पिवळा उजेड आणि एक बाकडं दिसत होतं. बाकड्याच्या टोकाला जागा मोकळी. अक्कांनी त्या जागेकडे मान वळवली होती. कोणीच बोलत नव्हतं. नुसती शांतता, आणि ती लांबत चाललेली. मी कान दिला. पंख्याचा आवाज. बाकी काही नाही.

नियम मोडायचा म्हणून मी दाराला हात लावला. तेवढ्यात पिवळा उजेड गेला आणि निळा आला. अक्का पुढचं वाक्य बोलल्या, जणू कोणाला उत्तर देत होत्या.

माझा जीव भांड्यात पडला. अक्कांनी दुसरी प्रत मिलिंदला दिली असणार. शिक्षिकाच त्या. मी खुर्चीवर येऊन बसलो. सहावा क्यू आला. चार वाजून चौपन्न मिनिटांनी दाराच्या फटीतून पांढरा उजेड माझ्या बुटांवर पडला. पंचावन्नला टाळ्या. वेळापत्रकाप्रमाणे.

प्रेक्षक बाहेर आले. मी मोजले, तेवीस. आत जाऊन मिलिंदला म्हणालो, "बरं झालं, अक्कांनी तुला नवी शीट दिली."

"कोणती नवी? तुम्ही सकाळी दिली तीच आहे."

त्याने शीट पुढे केली. जुनी. सवयीप्रमाणे प्रत्येक क्यूपुढे टिकमार्क आणि वेळ. नऊच्या नऊ.

"तिसरा क्यू कशावर दिलास?"

"वाक्यावर. म्हाताऱ्याच्या. आवाज जरा बारीक होता, भाऊ. माइक द्यायला हवा होता त्यांना."

"तू त्यांना बघितलंस?"

"मी कागद बघतो. स्टेजकडे बघितलं की ओळ चुकते." तो वायर गुंडाळत होता. "सहाव्याच्या वेळेस गोंधळ झाला असता पण. वाक्याच्या आधी खोकले ना ते. मला वाटलं, खोकल्यातच वाक्य गेलं."

मी बाहेर गेलो. आठ-दहा प्रेक्षक अजून पारावर होते. कलाकार किती होते, असं विचारलं. सगळ्यांनी चार सांगितलं. मीही काही ऐकलं नव्हतं, हेही इथे नोंदवतो.

आत अक्का सामान बांधत होत्या. कागद माझ्याच फाइलमध्ये राहिला, हे मी त्यांना सांगितलं. मग मिलिंद जे म्हणाला तेही सांगितलं. म्हटलं, शिव्या देतील, नाही तर रडतील.

"खोकले?" त्यांनी विचारलं. "दुसऱ्या वाक्याच्या आधी?"

"हो."

अक्कांनी पिशवीची गाठ घट्ट मारली. "तिथेच खोकायचे. बारा प्रयोग झाले, सांगून सांगून दमले मी. आजही नाही ऐकलं."

पाटील सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. ते शेवटपर्यंत वळले नाहीत.

मी टेबलाशी परत आलो. पुढची संस्था आपली माणसं मोजून घ्यायला उभी होती. तेव्हापासून एक पद्धत पाळतो. फॉर्मवरचा आकडा बदलला, की खोडण्याआधी लाइटवाल्याच्या हातातला कागद बदलून येतो. त्याच्या कागदावर जो आहे, त्याची तो वाट बघतो.

त्या दिवशीच्या फॉर्मवर कलाकार चार आहेत आणि शीटवर पाच. न जुळणारे दोन कागद मी एरवी एका फाइलला लावत नाही. हे लावलेत. पाचवा पास अक्कांना नेऊन दिला. रजिस्टरमध्ये 'दिला' असं लिहिलं आहे. कोणाला, तो रकाना रिकामा ठेवला आहे.