दाराखालचा पत्रा

गाडीच्या दाराखाली एक लांब पत्रा असतो, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत. त्याच्यावरून पाय टाकून आत बसायचं, म्हणून मी त्याला उंबरा म्हणते. नवरा म्हणतो, रॉकर पॅनल. त्याला प्रत्येक गोष्टीचं इंग्रजी नाव माहीत असतं. पण हा उंबरा आतून पोकळ असतो आणि दगडावर बसून जास्त चेपला की वरचं दार उघडत नाही, हे मला त्याच्या आधी कळलं. कारण त्या दाराच्या आत मी बसले होते.

पावसाळा नुकताच संपला होता. पनवेलच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक ओढा आहे. तिथल्या दगडधोंड्यांतून जीप चढवायला काही लोक रविवारी जातात. लोक म्हणजे माझा नवरा आणि त्याच्यासारखे आठवडाभर एसीत बसणारे आणखी काही बाप्ये. त्या दिवशी डबे घेऊन मीही गेले होते. एका मोठ्या दगडावरून आमचं चाक घसरलं, जीप माझ्या बाजूला, डावीकडे कलली, आणि रिकामा तेलाचा डबा पायाखाली यावा तसा आवाज झाला. नवरा त्याच्या बाजूचं, वर गेलेलं दार खांद्याने ढकलून बाहेर पडला. दार त्याच्यामागे आपटून बंद झालं. मी माझं दार उघडायला गेले. हँडल हलत होतं, दार हलत नव्हतं. माझं सगळं वजन सीटच्या पट्ट्यावर आलेलं, त्यामुळे पट्टा सुटेना. नवऱ्याने बाहेर पडताना किल्ली काढलेली, म्हणून काच खाली होईना. पायाशी पाणी यायला लागलं. घोट्याएवढंच होतं, पण ते तेवढ्यावरच थांबेल असं मला त्या वेळी कोण सांगणार होतं?

नवरा पाण्यातून फिरून माझ्या बाजूला आला. मी काचेवर तळहात आपटला. तो वाकला, आणि त्याने माझ्याकडे नाही, खाली बघितलं. मग मागे उभ्या असलेल्या लोकांकडे वळून ओरडला, "पत्रा गेला!"

नंतर त्यांनी पट्टा कापून मला उजव्या दाराने ओढून काढलं. खांदा काळानिळा झाला, बाकी काही नाही. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. नवऱ्याने मला धरून काठावर बसवलं, पाणी पाजलं, पुन्हापुन्हा विचारलं, बरी आहेस ना. मी मान हलवली. माझ्या कानात मात्र ते दोनच शब्द बसले होते. आधी पत्रा, मग मी.

माझा राग नाकावर असतो, पण तो बाहेर पडतो आणि संपतो. अर्ध्या तासात मीच चहा टाकते. हा राग बाहेर पडलाच नाही. बोलले असते तर त्याने समजावलं असतं, अगं तसं नव्हतं, असं असं होतं. मला समजावून घ्यायचं नव्हतं. खरं तर न्हावा शेव्याला ज्या कचेरीत मी काम करते, तिथे ट्रेलर उलटल्याचा फोन आला की मी स्वतःच पहिल्यांदा विचारते, माल कसा आहे? पण तो माल असतो आणि ती कचेरी असते. घरच्या माणसाने काचेतून दिसणाऱ्या बायकोला सोडून पत्रा बघावा, हे काही केल्या घशाखाली उतरत नव्हतं.

गॅरेजवाल्याने पत्रा ठोकून दार सरळ करून दिलं. मी त्या जीपमध्ये बसले नाही. नवऱ्याला वाटलं मी घाबरले आहे, आणि मी त्याला तसं वाटू दिलं. सीवूड्सहून कामोठ्याला नणंदेकडे जेवायला जायचं होतं, तेव्हा सोसायटीच्या एकाच गेटातून तो जीपने निघाला आणि मी रिक्षाने. वाटेत प्रत्येक सिग्नलला तो माझ्या रिक्षाच्या मागे येऊन थांबत होता. नणंदेने दार उघडलं, आधी त्याला बघितलं, मग जिना चढणाऱ्या मला बघितलं, आणि शहाण्या बाईसारखी आमटी गरम करायला आत निघून गेली.

परत आलो त्या संध्याकाळी तो म्हणाला, "विकून टाकतो."

"म्हणजे जन्मभर ऐकवायला मोकळा. तुझ्यामुळे विकली म्हणून."

"मग काय करू? तू सांग ना. असं किती दिवस चालायचं?"

त्याचा आवाज वर गेला होता, आणि तो सहसा जात नाही. खरं बोलायची वेळ हीच होती. पण मी भलतंच बोलले. "ते दार परत अडकता कामा नये. एवढं कर, मग बघू."

बिचाऱ्याने ते खरं मानलं. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर मोबाईल उभा, आणि त्यात परदेशातल्या जीपा दगडांवर घासत चाललेल्या. दाराखाली, चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला धरून दोन्ही बाजूंना जाड पाइपचे दांडे लावायचे. स्लायडर म्हणतात त्यांना. जीप दगडावर बसली की वजन त्या दांड्यावर येतं, उंबऱ्यावर नाही, आणि दार शाबूत राहतं. हे मला त्याने चमचा आणि लायटर घेऊन दाखवलं. मी भात कालवत ऐकत होते. एवढ्या मन लावून तो एका दाराचा बंदोबस्त करत होता, आणि दुखणं दाराचं नव्हतंच. माझा मलाच राग यायला लागला होता, पण म्हणून त्याच्यावरचा कमी झाला नव्हता.

आधी तुर्भ्याच्या एका दुकानात गेलो, तो जीपने, मी रिक्षाने. तिथे गाडीच्या दाराखाली लावायच्या चकचकीत स्टीलच्या पायऱ्या होत्या. दुकानदार म्हणाला, "मॅडम, साडी नेसून पण आरामात चढाल." तिथे पायरी लावून उभ्या असलेल्या एका गाडीखाली मी वाकून बघितलं. ती पायरी त्या उंबऱ्यालाच चार बोल्टांनी टांगलेली होती. म्हणजे दगड पायरीला लागणार आणि पायरी उंबऱ्याला घेऊन आत जाणार. "ही वाचवणार की बुडवणार?" मी विचारलं. नवरा माझ्याकडे बघून हसला. मी हसले नाही.

शेवटी कळंबोलीला, लोखंड बाजाराच्या मागच्या एका शेडमध्ये गेलो. तिथला फॅब्रिकेटर, म्हणजे लोखंडाचं जोडकाम करणारा, इथलाच, खाडीकाठच्या गावचा. त्याच्या बापाची मिठागरं होती, तिथे आता टॉवर आहेत. हा ट्रेलरची कामं करायचा आणि हौशी लोकांच्या जीपांना दांडे बसवून द्यायचा. बोलायला आघळपघळ आणि स्वतःच्या कामावर बेहद्द खूश.

"वेल्डिंग मारू का बोल्टवर बसवू, शेट?"

"वेल्डिंग," नवरा म्हणाला. "एकदा लावलं की जन्माचं."

"बोल्ट," मी म्हणाले. "जन्माचं काही नको. वाकलं तर काढता आलं पाहिजे."

फॅब्रिकेटरने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "वैनी बोलतान ते बरोबर हाय. चॅसीला आग नको दाखवाया." नवरा समोरच्या पाइपवरची धूळ बोटाने पुसायला लागला. जन्माचं नको, हे त्याला लागलं होतं. मला कळलं, पण मी शब्द मागे घेतला नाही.

बसवायच्या दिवशी शनिवारी सकाळीच गेलो. दुपारपर्यंत दोन्ही दांडे काळे रंगवून, जागेवर लागलेले होते. दिसत होते झकास. मी डाव्या बाजूला जाऊन गुडघ्यावर बसले आणि दांडा आणि पत्रा यांच्यामध्ये बोट घातलं. जाईना.

"दादा, हा तर चिकटलाय. वजन आल्यावर दांडा थोडा तरी वर दबणार ना? मग पहिला फटका पत्र्यालाच."

"वैनी, चिटकून हाय म्हनून तर दिसतं मस्त. गॅप ठेवला तर लटकल्यावानी दिसंल."

"मला दिसायला नकोय. दोन बोटं जागा पाहिजे."

"टेन्शन नको घेऊ ना," नवरा म्हणाला. "त्यांचं रोजचं काम आहे."

"टेन्शन मी नको घेऊ? डाव्या बाजूला कोण बसतं?"

शेडमधलं ग्राइंडर नेमकं त्याच वेळी बंद झालं होतं. माझा आवाज पत्र्याच्या छपरापर्यंत घुमला. फॅब्रिकेटर पुटपुटत खाली झोपला, दांडा चॅसीला धरून ठेवणारे ब्रॅकेट सोडले, कापले, खाली घेऊन परत लावले. त्याला दुसरीकडून फोनवर फोन येत होते, आणि माझ्यामुळे त्याचं जेवण राहिलं होतं. सगळं झाल्यावर मी परत बोटं घातली. दोन गेली.

"झालं समाधान?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. डाव्या दांड्याखाली जॅक लाव, चाकं उचल. मी आत बसते. दार उघडलं तर मानलं."

"वेड लागलंय का? जॅकवर गाडी असताना आत बसतं का कोणी?"

"दगडावर असताना बसवलंस ते?"

त्याचा चेहरा उतरला. इतक्या दिवसांत ओढ्याचा विषय मी पहिल्यांदा काढला होता, तोही असा, परक्या माणसासमोर. दुधाने पोळल्यावर ताक फुंकून प्यावं हे ठीक, पण मी ताक त्याच्या अंगावर ओतत होते. तो म्हणाला, "मीच बसतो आत. तू बाहेरून बघ." मी ऐकलं नाही. त्याने मुकाट्याने जीपखाली लाकडाचे जाड ठोकळे सरकवले, एकावर एक, आणि दोनदा हलवून बघितले.

मी डावीकडे बसले. ती सीट, ते हँडल, तोच प्लास्टिकचा वास. पट्टा नवा होता. मी तो लावला आणि तळहाताला घाम फुटला. घाबरले नाही असं मीच मला सांगत आले होते, ते खोटं होतं. मी घाबरलेलीही होते. राग पुढे होता म्हणून भीती मागे दिसत नव्हती, इतकंच.

फॅब्रिकेटर जॅकचा दांडा मारत होता. कट, कट. माझी बाजू वर चढत गेली. नवरा माझ्या दाराशी उभा. काच वर होती. त्याचे ओठ घट्ट मिटलेले दिसत होते. डावी चाकं जमिनीवरून सुटली. मी दार ढकललं. लोण्यातून सुरी जावी तसं उघडलं. मी बंद केलं. फॅब्रिकेटर खूश होऊन म्हणाला, "अजून चढवू?" आणि माझ्या हो-नाहीची वाट न बघता त्याने आणखी जोर लावला.

पुढच्या ब्रॅकेटचे बोल्ट त्याने हातानेच फिरवून ठेवले होते. पान्याने आवळायचे फोनच्या गडबडीत राहिले. ब्रॅकेट घसरला, दांडा वर उसळून उंबऱ्यावर आदळला आणि जीप माझ्यासकट खाली, ठोकळ्यांवर बसली. तोच आवाज. तेलाच्या डब्याचा. माझे डोळे मिटले गेले, आणि पायाला पाणी लागतंय असं मला खरोखर वाटलं.

बाहेर फॅब्रिकेटर ओरडला, "शेट, पत्रा गेला!"

"पत्रा गेला खड्ड्यात!"

दार उघडलं होतं. नवऱ्याने बाहेरून खेचून उघडलं होतं की आपसूक उघडलं, मला माहीत नाही. तो अर्धा आत शिरला होता, एक हात माझ्या डोक्यामागे, दुसऱ्याने पट्टा सोडवत. "लागलं का? कुठे लागलं? बोल ना, बोल ना अगं." त्याला बटण सापडत नव्हतं. मीच ते दाबलं. एरवी तो शिवी देत नाही, आवाज चढवत नाही, आणि आता त्या बिचाऱ्या फॅब्रिकेटरला वाट्टेल ते बोलत होता. त्याने अजूनही खाली बघितलं नव्हतं.

मला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही. "डोक्याला मार लागला का हिच्या?" तो फॅब्रिकेटरला विचारायला लागला. मी त्याच्या शर्टात तोंड खुपसलं. शर्टाला ग्रीस होतं, ते माझ्या गालाला लागलं.

संध्याकाळी बोल्ट आवळून, परत तपासून निघालो. डाव्या दाराखाली पत्र्याला एक खोलगट पोचा पडला होता. दार उघडत होतं, मिटत होतं. नवरा म्हणाला, उद्याच ठोकून घेऊ. मी म्हणाले, राहू दे. त्याला नवल वाटलं, पण माझं मन बदलेल या भीतीने त्याने पुढे विचारलं नाही. मी डावीकडे बसले आणि कामोठ्याला वळायला सांगितलं, नणंदेकडे चहाला.

अजूनही सोसायटीत कोणी विचारलं की तो खाली वाकून दांडा दाखवतो आणि सांगतो, हे लावलं म्हणून बायको परत बसायला लागली. मी शेजारी उभी असते. त्याला तसं सांगू देते.