शाळेतला बाजार

कवठे महांकाळकडच्या आमच्या शाळेत परवा पोरांचा बाजार भरला. मुलांना व्यवहार कळावा म्हणून, असं शाळेच्या बाई माईकवरून सारखं सांगत होत्या. माझी दुसरीतली नात मेथीच्या पेंड्या घेऊन बसली. भाव कसा धरायचा, ते तिनं माझ्याकडून आठवडाभर घटवून घेतलं होतं.

पण कुणी घासाघीस करील तर शपथ. एरवी कोथिंबिरीच्या चार काड्यांवरून भाजीवालीशी भांडणाऱ्या आया इथं "किती गोड गं" म्हणत, सांगेल तो भाव देत, पेंडीसकट फोटो काढत होत्या. पोरगी रडकुंडीला आली. मला म्हणाली, "आज्जे, कुणी भांडतच न्हाई."

मग मीच पदर खोचला.

"काय गं, ही सुकलेली मेथी वीसला? दहाला दे."

"परवडत न्हाई मावशी. सकाळीच काढलीया."

बाई धावत आल्या. "आजी, मुलांना नाराज नका ना करू."

मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तोंड वाकडं केलं आणि निघाले पुढं.

मागनं नातीची खणखणीत हाक आली, "ओ मावशी, या माघारी. तुमचं न्हाई, माझं न्हाई, पंधराला न्या."