वजनकाट्यापुढची रांग

सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच अध्यक्षकाकांनी तो पहिल्यांदा पुढे पळवला.

जानेवारीतला शनिवार होता. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या एका प्रायमरी शाळेचा हॉल भाड्याने घेऊन आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू चाललं होतं. या वर्षीची थीम 'एटीज आणि फिटनेस'. त्यामुळे वाण म्हणून कंबर मोजायची टेप, बायकांच्या अंबाड्यांवर झगझगीत गुलाबी हेडबँड, आणि जेवणाआधी एक जुना अमेरिकन सिनेमा. तो काकांनीच सुचवला होता. काका साठीला आलेले, इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. कॉलेजात असताना मित्राच्या घरी व्हीसीआरवर त्यांनी तो पाहिला होता आणि त्यांच्या आठवणीत ती एक साधी स्पोर्ट्स मूव्ही होती. दुकानात काम करणारी एक जाड मुलगी एरोबिक्स शिकते आणि स्पर्धा जिंकते.

प्रत्यक्षात कॅमेरा घोट्यांपासून सुरू व्हायचा, हळूहळू वर चढायचा आणि त्याला हवं तिथे थांबायचा. मुलींचे चेहरे कमी, मांड्या जास्त. अंगावर तेल लावल्यासारखा घाम. हॉलमध्ये खोकल्याची साथ आली. कोणीतरी उगीच मोठ्याने विचारलं, "चहाचं काय झालं?" दुसऱ्याला एकदम पार्किंगची आठवण झाली. नको ते पडद्यावर आलं की उठून पाणी प्यायला जायचं, ही आपली जुनी रीत. काकांनी लॅपटॉपवर बोट दाबून धरलं. पण पळवल्यामुळे ते अधिकच ओंगळ दिसायला लागलं. ती सगळी शरीरं दुप्पट वेगाने झटके देत राहिली आणि पहिल्या रांगेत खाली बसलेली लहान मुलं खिदळायला लागली.

मला शिसारी आली, पण ती अजून साधी शिसारी होती. खरी पुढे यायची होती.

मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहते, त्यांची चौदा वर्षांची मुलगी माझ्या शेजारी बसली होती. जेवणानंतर मंडळाच्या मुलींचा एरोबिक्स डान्स होता आणि ती पहिल्या रांगेत, अगदी मधोमध नाचणार होती. सहा आठवडे तिची प्रॅक्टिस मी माझ्या खोलीच्या जमिनीतून ऐकत होते. कधीकधी ती मला खाली बोलवायची. "ताई, काउंट दे ना. फाइव्ह, सिक्स पासून." मी सोफ्यावर बसून आकडे म्हणायचे. ती अंगाने भरलेली आहे, आणि त्या सगळ्या मुलींत तिच्याइतकं नेमकं कोणी नाचत नाही. हात जिथे थांबायला हवा तिथेच थांबतो. शाळेत ती कशातच पुढे नसते, हे तिनेच मला सांगितलं होतं. घरी ती माझ्याशी अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलते आणि नाचताना बोलतच नाही. त्या दिवशी तिने अंगाला घट्ट बसणारी जांभळी लिओटार्ड, वर टीशर्ट आणि पायात लोकरीचे लेगवॉर्मर घातले होते. सिनेमा पळत असताना तिचे पाय खुर्चीखाली स्टेप मोजत होते.

मग पडद्यावर तो प्रसंग आला. ट्रेनर त्या नायिकेला सगळ्या क्लाससमोर वजनकाट्यावर उभं करतो, आकडा ओरडून सांगतो, आणि ती रडत बाहेर पळते. काकांनी लॅपटॉपवरचं बोट काढलं. हा प्रसंग त्यांनी पूर्ण वेगात, नीट दाखवला. मग मागे नेऊन पुन्हा दाखवला.

"बघा मुलींनो," ते उठून म्हणाले, "इथून तिची जर्नी सुरू होते. हे मोटिव्हेशन!"

मांड्या मुलींनी बघायच्या नाहीत, पण हे बघायचं. मी सभोवार पाहिलं. बरेच लोक माना डोलावत होते.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण काटा माझा होता. मी डाएटिशियन आहे, माझी पहिलीच नोकरी. आठवड्यापूर्वी काकांचा फोन आला होता. मंडळाचं फिटनेस चॅलेंज करायचं, आज सगळ्यांची वजनं घ्यायची, पाडव्याला पुन्हा घ्यायची, सगळ्यात जास्त उतरवेल त्याला बक्षीस. "तू काटा आण आणि लिहून घे, बस. भाषण नको तर नको." भाषण नाही म्हटल्यावर सुटका झाली असं वाटून मी हो म्हटलं. मला लोकांसमोर बोलता येत नाही, आणि नाही म्हणणं हेही मला लोकांसमोर बोलण्यासारखंच वाटतं.

काटा त्यांनी स्टेजसमोर ठेवायला लावला.

"काका, बाजूच्या क्लासरूममध्ये करू या का?" मी विचारलं. "एकेकाला बोलवू."

"अगं, इथे परकं कोण आहे? सगळी घरचीच माणसं."

हाच माणूस सोमवारी हॉस्पिटलात पेशंटचं वजन विचारताना पडदा ओढून घेईल, आवाज खाली आणेल, आधी परवानगी मागेल. हॉलमध्ये असे निदान आठ डॉक्टर होते. त्या सगळ्यांना हे पडद्याचं माहीत आहे. पण आपल्या माणसांपाशी आलं की तो पडदा कोटासारखा दाराबाहेर काढून ठेवायचा असतो, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यात वाईट हेतू नव्हता. तेच मला जास्त किळसवाणं वाटतं. वाईट हेतू असता तर मला बरं पडलं असतं.

मोठ्यांनी आपापल्या वाटा काढल्या. एक काकू म्हणाल्या, "माझ्या पैठणीचंच पाच किलो आहे गं, ते आधी वजा कर!" दुसऱ्या म्हणाल्या, "मी उपाशीपोटी मोजते, आत्ता तिळाच्या वड्या झाल्यात." पुरुषांनी फोन, पाकीट, किल्ल्या काढून बायकोच्या हातात दिल्या आणि पोट आत ओढून उभे राहिले, जणू काट्याला ते दिसतं. हशा, टाळ्या. थट्टा करायचं वय झालं की माणूस सुटतो. मुलींना तशी वाट नव्हती. त्यांची रांग लावली.

माझ्या घरमालकांची मुलगी सहावी होती. तिने टीशर्ट खाली ओढला, लेगवॉर्मर काढले, पुन्हा घातले. रांगेतून तिने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी करेन असं तिला वाटत होतं, हे मला कळलं. मी वहीकडे पाहिलं.

ती काट्यावर चढली. आकडा स्थिर झाला. मी काट्याशी वाकून बसले होते, त्यामुळे तो फक्त मला दिसत होता.

"बोला, मॅडम!" काका माइकवरून म्हणाले.

मी बोलले नाही. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गप्प बसण्याचा कोणाला तरी उपयोग होईल. मी वहीत उगीच एक रेघ ओढली आणि म्हणाले, "झालं. नेक्स्ट."

"अरे, असं कसं? ट्रान्स्परन्सी हवी!" काका हसत पुढे आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, आणि त्यांनी आकडा वाचला. "सत्त्याहत्तर पॉइंट एक!"

"स्टोनमध्ये किती?" मागून आवाज आला. इथे माणसाचं वजन स्टोन आणि पाउंडात सांगतात.

"बारा स्टोन. ट्वेल्व स्टोन थ्री."

"थ्री नाही हो, टू. सहा पॉइंट तीन पाचने भागा."

"मी तोंडी केलं, तुम्ही फोनवर करताय."

"तोंडी केलंत म्हणूनच चुकलात!"

हॉल हसला. हिशोब दोन पाउंड की तीन यावर चालला होता आणि ती अजून काट्यावरच उभी होती, कारण उतर असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. तीही हसत होती. चौदा वर्षांच्या मुलीला तसं हसता येऊ नये. तिच्या आईने दुसऱ्या टोकाकडून पेपर प्लेटा मांडता मांडता म्हटलं, "मी सांगतेच आहे तिला, चिप्स बंद कर." तेही हसतच.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी यायच्या आधी सुटतं तसं. मी तिचा हात धरून तिला खाली उतरवलं. तेवढंच. पुढच्या मुलीचं वजन मी लिहिलं. त्यापुढच्या दोघींचंही लिहिलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

जेवणात ती दिसली नाही. मी तिची थाळी वाढून घेतली, मसालेभात, वडा, गुळाची पोळी, आणि शोधत निघाले. ती बाहेर कॉरिडॉरमध्ये होती. शाळा लहान मुलांची, त्यामुळे कोट अडकवायचे हूक कमरेएवढ्या उंचीवर. त्यांच्याखालच्या बुटक्या बाकावर ती पाय जवळ घेऊन बसली होती. टीशर्टवर आता तिचं थंडीचं जाड जॅकेट होतं, चेन गळ्यापर्यंत लावलेली.

"मला भूक नाही आहे," ती म्हणाली.

मी थाळी बाकावर ठेवली. "डान्सनंतर खा मग."

ती थाळीकडे बघत राहिली. मग अगदी व्यवहारी आवाजात म्हणाली, "ताई, तू डाएट प्लॅन करते ना? मला दे. पाडवापर्यंत सिक्स्टी फाइव्ह."

"नाही."

"का?"

"तुला गरज नाही म्हणून."

"मग माझा वजन का घेतला?"

मी थाळी तिच्याकडे सरकवली.

"त्यांच्यासाठी केलंस," ती म्हणाली. "माझ्यासाठी करत नाहीस."

"मी चुकले," मी म्हटलं. "मी तिथे नाही म्हणायला हवं होतं. जोरात."

"हो," ती म्हणाली. "मी वाट बघत होते."

आत माइकवर मुलींना बोलावलं जात होतं. डान्स बसवणाऱ्या काकू दारात आल्या, त्यांनी तिला पाहिलं, तिचं जॅकेट पाहिलं. "काय गं, चल! पोट दुखतंय का?" तिने मान हलवली, हो म्हणून. "बरं, बस मग. मी बघते." आणि त्या खरंच लगेच गेल्या. त्या गेल्यावर मी म्हटलं, "चल, मी येते तुझ्याबरोबर. विंगेतून काउंट देते." ती हललीदेखील नाही.

हॉलच्या दाराला काचेची उभी पट्टी होती. गाणं सुरू झालं तशी ती उठून तिथे गेली, मी तिच्या मागे. स्टेजवर पहिल्या रांगेत मधोमध तिची जागा मोकळी होती. काकूंनी खालून हाताने खूण केली. उजवीकडची मुलगी एक पाऊल आत आली, डावीकडची एक पाऊल आत आली. तेवढ्याने जागा भरली. कोणी विचारलं नाही. फोन वर झाले, शिट्या वाजल्या, आणि तिच्या निम्म्यानेही नेमकं न नाचणाऱ्या मुली सगळ्यांना आवडल्या.

तिने काचेला नाक लावून सगळा डान्स पाहिला. शेवटची पोझ झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

"बघ," ती म्हणाली, "आता लाइन छान दिसते."