देवीच्या दगडावरचा हात

"ही बाई म्हणजे जिवंत जीवाश्म," प्राध्यापक सहकाऱ्याला इंग्रजीत म्हणाले आणि दोघंही हसले. त्यांच्याकडे बघून माझी आत्तीही हसली.

"काय म्हणालं गं ते?"

"देवी जुनी आहे म्हणाले."

"मग, हायच की."

ते दोघे पुरातत्त्ववाले गणेशगुडीच्या लॉजवर उतरले होते आणि मी त्यांची दुभाषी होते. हॉस्टेलला राहून इंग्रजी शाळेत शिकले, तरी चारचौघांत बोलणं मला कुठल्याच भाषेत जमायचं नाही. दुसऱ्याचं वाक्य पुढे सरकवणं सोपं पडायचं.

जीपमध्ये बसल्यापासून त्यांचा वाद चालू होता. प्राध्यापकांचं म्हणणं, घोडे आणि संस्कृतची पूर्वज भाषा घेऊन माणसं यायच्या आधी सगळीकडे आईदेवी होती, तिच्या पूजेचा मान बायकांकडे होता. आमच्या देवीच्या बनातला बिनडोक्याचा, पोटाशी फुगलेला दगड त्यांना त्याचाच अवशेष वाटत होता. सहकारी म्हणत, "हाडांवरून माणसं कुठून आली ते कळेल. दगडाला पोट आहे, हे तुम्ही ठरवलंत."

आमच्याकडे विधवेनं बनातल्या दगडांच्या रांगेपलीकडे जायचं नाही. नव्याच्या सणाला आत्ती रांगेबाहेरून भाताची पहिली कणसं देते, कुणी पुरुष ती देवीला चढवतो. ती चढल्याशिवाय तिच्या घरात नवा तांदूळ शिजत नाही. हे मी प्राध्यापकांना सांगितलं नव्हतं. त्यांनी मला परदेशी विद्यापीठासाठी शिफारसपत्र कबूल केलं होतं.

"तिला देवीवर हात ठेवायला सांग," ते म्हणाले. "रोज ठेवत असेल तसा."

मी सांगितलं.

"माझा हात चालंल काय गं?"

"चालतो म्हणतायत, आत्ती. शिकलेले आहेत ते."

तसं कुणी म्हणालं नव्हतं.

आत्तीनं लुगड्याला तळहात पुसला, रांग ओलांडली आणि हात ठेवला. फोटो झाला तरी तिनं तो काढला नाही.

परवावर नवं आलेलं, म्हणून गावचा न्याय करणारे म्हातारे बुधवंत दोन माणसांना घेऊन बन झाडायला आले होते. त्यांनी ते पाहिलं.

"मागं सर," ते म्हणाले. "आपणहून हात लावलास तर औंदा तुझी कणसं चढायची न्हाईत. कुणी लावाय सांगितलं असंल तर त्येनं बोलावं. नारळ ठेवून मिटवू."

आत्ती माझ्याकडे बघत राहिली. माझं नाव तिनं घेतलं नाही.

इकडे सहकारी प्राध्यापकांना म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून तिनं हात ठेवला. याला पुरावा म्हणत नाहीत."

"मी फक्त विचारलं, ती रोज ठेवते का," प्राध्यापक म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "हो ना?"

"तू मधी हुतीस," बुधवंत म्हणाले. "सांग बघू."

मी आधी इंग्रजीत सांगितलं, मग मराठीत, कुणाला कळायचं राहू नये म्हणून.

"आत्तीनं आपणहून हात लावला."