मावशीची धडधड

माझी मावशी शिवणकाम करते आणि दोरा अजूनही दातानंच तोडते. त्यातला एक दात किडला, तरी ती कित्येक महिने लवंग धरून बसली. तिच्या हृदयाचे ठोके मुळातच अनियमित, मागे दाताच्या इंजेक्शननं छाती भयंकर धडधडली, तेव्हा ते दातांचे डॉक्टर म्हणाले होते, "उगाच घाबरता!" शेवटी जेवण सुटलं, तेव्हा मी तिला ओढतच दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी सगळं ऐकलं, तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. "मावशी, त्या इंजेक्शनात ठोके वाढवणारं औषध असतं. आज ते नसलेलं देते. बधिरपणा जरा लवकर उतरेल, दुखलं की हात वर करा, मी थांबेन."

"आणि तुम्ही थांबला नाहीत तर?"

"तर चावा मला."

मावशीनं हसतच तोंड उघडलं. मध्ये एकदा तिचा हात वर गेला. बाई तिथल्या तिथे थांबल्या, पुन्हा सावकाश इंजेक्शन दिलं. छाती शांत होती.

दात निघाल्यावर तोंडात कापूस धरून ती बोबडं बोलली, "म्हणजे मी भित्री नव्हते तर!" आणि बाईंचा हात तिनं कितीतरी वेळ सोडलाच नाही.